शिळे आभार चालत नाहीत

"गाठीबद्दल? गाठीबद्दल आभार मानू मी? मग तूच मागून घे ना एक, आत्या! दोन माग! दोन्हीबद्दल मान आभार!"

हे तो बोलला तेव्हा त्याचे हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते आणि समोरच्या उकडलेल्या अंड्यातून अजून वाफ निघत होती. म्हणजे भांडण लागलं ते प्रार्थनेच्या पोटातच. आत्याने आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. "देवासमोर ओरडतोस?" ती म्हणाली. "देवासमोर नाही, तुझ्यासमोर ओरडतोय," तो म्हणाला, "देव मध्ये बसलाय त्याला मी काय करू!" आत्याचं म्हणणं एवढंच होतं, की आज दुपारी डॉक्टर बाबांना बोलायला लावणार, इतके दिवस शिवलेलं तोंड आज उघडणार, तर आज तरी पोराने नीट, भरघोस आभार मानावेत, आणि मानायचेच तर सगळ्याचे मानावेत, घशात आलेल्या गाठीचेसुद्धा, कारण सगळं वरूनच येतं. तिने हे अगदी मऊ आवाजात सांगितलं होतं. मऊ आवाजात सांगितलेल्या गोष्टींनीच त्याचं डोकं जास्त सटकायचं. आणि मग बाबांनी चमचा उचलला आणि टेबलावर दोनदा वाजवला. टक, टक. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, आणि न थांबता वाजत राहिला तर अख्खं प्रवचन, हे आता घरातल्या मांजरालाही पाठ झालं होतं. पण हे 'नाही' कोणाला होतं? बाबा ताटाकडे बघत होते. ना आत्याकडे, ना त्याच्याकडे. त्याने खुर्ची मागे ढकलली, चपला पायात कोंबल्या आणि न खाताच जिना उतरला. अंडं मागे राहिलं. खालच्या मजल्यावर पोचल्यावर त्याला वाटलं, निदान अंडं तरी उचलायला हवं होतं.

रस्त्यावर सकाळ नेहमीसारखीच चालू होती, आणि त्याला त्याचाच राग आला. दूधवाला बाटल्या आपटत होता, एक बाई दार उघडायला किल्ली शोधत पर्समधलं सगळं पायरीवर मांडून बसली होती, आणि त्याच्या डोक्यात ते दोन ठोके वाजत होते. टक, टक. नाही, असं ओरडू नकोस? की नाही ताई, असं सांगू नकोस पोराला? बाबांना आवाज असता तर हा घोळच झाला नसता. आवाज असता तर बाबांनी दोघांनाही गप्प केलं असतं आणि वर कशाबद्दल तरी आभार मानून टाकले असते. बाबांचा आवाज म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हती. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून ते गाड्या पुकारायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कोणाचं पोर चुकलंय, कोणाची छत्री राहिलीय. पण पुकारायचे असे, की छत्री हरवलेल्या माणसालाही वाटायचं आपला सन्मान चाललाय. तो लहान होता तेव्हा स्थानकाच्या कुठल्याही कोपऱ्यात खेळायचा, कारण वरून सारखे बाबा येत असायचे, खांबांवरच्या पेट्यांतून, छतातून, भिंतींतून. पुष्कळ दिवस त्याची समजूत होती की देव म्हणतात तो असाच असणार, काचेमागे बसलेला, कधी दिसत नाही, पण कुठली गाडी कुठून सुटते ते सगळं माहीत असलेला. नंतर ती समजूत गेली. मग घशात गाठ आली. वाईट नव्हती, पण बसली होती नेमकी आवाजाच्या पडद्याला चिकटून, आणि काढल्यावर डॉक्टर म्हणाले, आता चिडीचूप, कुजबुजसुद्धा नाही, आणि नंतर आवाज येईल का, आला तर कसला येईल, ते तेव्हाच बघू. 'तेव्हा' म्हणजे आज.

स्थानकावरून जाताना त्याने कान बंद करायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. बाबांच्या जागी बसवलेला माणूस नाकातून बोलायचा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याला शिंक आल्यासारखं व्हायचं पण यायची नाही. सगळं स्थानक त्या शिंकेची वाट बघत उभं असायचं आणि तोवर गाडी सुटायची. आत्ताही एक अख्खं कुटुंब, आजोबा, सून, दोन पोरं, एक पिशवीत कोंबडी, असं सगळं या फलाटावरून त्या फलाटावर आणि परत या फलाटावर धावलं. आजोबा शेवटी मध्येच थांबून वरच्या पेटीकडे तोंड करून ओरडले, "अरे बाबा, शिंकून घे आधी!" त्याला हसू फुटलं. हसू फुटलं आणि पाठोपाठ, अगदी आपोआप, डोक्यात आलं: हे आज जेवताना सांगायचं. मग आठवलं की आपण भांडून आलोय. मग त्याने तिथेच, कोंबडीवाल्या कुटुंबाच्या मागे उभं राहून, देवाला बजावलं. मोठ्याने नाही, पण दात आवळून. ऐक, बाबांचा आवाज आला तर ठीक. नाही आला, तर माझ्याकडून परत काही मिळणार नाही, एक शब्द नाही, मग आत्या काय पाहिजे ते बोलो. एवढं बोलून त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भूक असेल, असं त्याने ठरवलं.

तो काम करायचा ते दुकान जुन्या सोफ्यांचं होतं. लोक खचलेले, फाटलेले सोफे आणून टाकायचे आणि दुकानातली माणसं त्यांचं पोट फाडून, आतला कुजका स्पंज काढून, स्प्रिंगा ताणून, नवं कापड चढवून परत द्यायचे. दुकानाच्या मालकाला सगळे मास्तर म्हणत. शाळेतल्या मास्तरांना कंटाळून तो पळाला आणि पहिल्याच नोकरीत पुन्हा मास्तरच भेटला, ही गोष्ट मास्तर स्वतःच गिऱ्हाइकांना सांगून हसायचे. त्याला ते ठिणगी म्हणत. "ठिणगी, स्पंजापासून लांब बस, पेट घेईल," हा त्यांचा रोजचा विनोद. आज तो आला तसा त्यांनी त्याचं तोंड बघितलं आणि विनोद गिळला, नुसती कात्री पुढे केली. समोर तीन जणांचा एक म्हातारा सोफा उताणा पडला होता. त्याने उकिडवं बसून खालचं गोणपाट सर्रकन फाडलं. कामातला हा आवाज त्याला सगळ्यात आवडायचा, रागात असला तर जास्तच. आतून नेहमीसारखी माणसांची सांडलवंड पडली, केसांची पिन, पेनाचं टोपण, बुद्धिबळाचा एक उंट, बटण. मास्तरांचा नियम होता की सोफ्यातून निघालेलं सगळं पिशवीत भरून सोफ्याबरोबर परत जातं, कचरा असला तरी. मागे एकदा दुधाचा दात निघाला होता. ज्या बाईचा सोफा तिने तो तळहातावर घेतला, म्हणाली, "मेला गिळलाय म्हणून सांगत होता!" आणि तिथेच फोन लावून मुलाला शिव्या घातल्या. मुलगा म्हणे आता जहाजावर इंजिनियर होता.

त्या रात्री जेवताना त्याने हा दात सांगितला होता. घरातली ती पद्धतच होती. कोणी म्हणेल प्रार्थना, पण इतर घरांत असते तशी ठरलेली, पाठ केलेली प्रार्थना यांच्याकडे नव्हती. बाबांचा कायदा असा की जेवणाआधी देवाचे आभार मानायचे, पण रोज नव्या गोष्टीबद्दल. काल सांगितलेलं आज चालत नाही. "शिळे आभार देवाच्या ताटात वाढायचे नाहीत," बाबा म्हणायचे. जेवणाबद्दल, आरोग्याबद्दल, डोक्यावरच्या छपराबद्दल, असलं मोघम तर मुळीच नाही. "त्याला मोघम काही कळत नाही, त्याने एकेक पान वेगळं केलंय." आणि मग बाबा सुरू व्हायचे, त्या पुकारणाऱ्या आवाजात. आज फरशी पुसणाऱ्या बाईंनी मी न सांगता माझ्या खुर्चीखालीही पुसलं, प्रभू, आणि माझी पेन्सिल शोधून दिली, आणि ती पेन्सिल अजून अर्धी शिल्लक आहे. तोवर जेवण गार. त्याला या सगळ्याचा लहानपणापासून कंटाळा होता. पोटात कावळे ओरडतायत आणि इथे पेन्सिलीची थोरवी चाललीय. तो शाळा सोडून आला त्या संध्याकाळी तर त्याने ठरवूनच टाकलं होतं, आज फार तर मार बसेल, पण आज काही आभार मानता येणार नाहीत यांना. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "प्रभू, याला काय नको ते तरी लवकर कळलं, त्याबद्दल तुझे आभार." आणि घास घेतला. ती टिंगल होती की खरंच होतं हे त्याला आजतागायत कळलेलं नाही. त्या रात्री तो इतका चिडला होता की त्याला झोप लागली नाही, आणि चिडण्यासारखं नक्की काय होतं तेही सापडेना.

मग बाबा मुके झाले आणि ती गादी त्याच्याकडे आली. आत्या म्हणाली मी म्हणते, बाबांनी टक, टक केलं आणि चमचा त्याच्याकडे रोखला. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "नळाला पाणी आलं. आमेन." टक, टक. "बरं, गरम पाणी आलं." टक, टक, टक, टक, प्रवचन. आत्या तोंडाला पदर लावून हसत होती. दुसऱ्या दिवशी त्याने रागाने, मुद्दाम सूड म्हणून, स्थानकात तोंड उघडं टाकून झोपलेल्या एका कंडक्टरचं वर्णन केलं. ओठातली शिट्टी श्वासाबरोबर कशी बारीक पी पी वाजत होती, आणि ती ऐकून एक ड्रायव्हर खरंच गाडी काढून कसा निघाला. "त्याबद्दल तुझे आभार," असं त्याने शेवटी चिकटवलं. बाबांचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे, आणि डोळ्यांतून पाणी. मग एकच ठोका. टक. तेव्हापासून त्याला चटक लागली असावी. दिवसभर तो कायकाय बघत फिरायचा. डोळे तर पहिल्यापासून तिखट होते, शाळेत त्याच डोळ्यांनी मास्तरांच्या शर्टाचं चुकलेलं बटण दिसायचं आणि त्यापायी मार बसायचा. पण आता बघितलेलं न्यायला एक जागा होती. एकच चप्पल घालून गाडीमागे धावणारी बाई आणि तिच्यासाठी थांबलेली गाडी. औषधाच्या दुकानात गोळ्यांची नावं चालीवर म्हणणारा माणूस. त्याला कधीकधी शंका यायची, की आपण हे देवाला सांगतो की बाबांना? हात देवाला जोडलेले, डोळे मिटलेले, पण कान त्या चमच्याकडे. हे फसवणं झालं का? आणि झालं तर कोणाला फसवणं?

"ठिणगी, खाऊन घे," मास्तर म्हणाले. त्यांनी स्वतःच्या डब्यातला अर्धा पाव त्याच्या बाजूला सोफ्याच्या पाठीवर ठेवला होता. त्याने उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि हात थांबला. थांबला म्हणजे थांबलाच. जबडा उघडेना. "काय रे? केस निघाला?" मास्तरांनी वाकून बघितलं. "नाही," तो म्हणाला. "मग? खिळा?" "काही नाही हो मास्तर, तुम्ही खा ना." पण पाव तसाच हातात. त्याला स्वतःचाच संताप आला. चमचा वाजवून वाजवून बाबांनी त्याला कोवळ्या पोरासारखी सवय लावली होती, आणि आता इथे, गोणपाटाच्या धुळीत, कोणी बघत नसताना, पाव घशाखाली उतरायला तयार नव्हता. त्याला तो आजोबा आठवत होता, शिंकून घे म्हणणारा. तो तर तयारच होता, अगदी ताजा, नुसता सांगायचा बाकी. पण सकाळीच तर आपण देवाला बजावून आलोय, आधी तू आवाज दे, मग मी बघतो. पाव हातात धरून तो यावर विचार करत बसला, आणि जितका विचार केला तितका तो करार त्याला ओळखीचा वाटायला लागला. बाजारात असंच बोलतात. काम आधी झालं तर आभार म्हणजे नुसती पोचपावती, आणि काम व्हायच्या आधीच मानले तर ती लाच. आत्या लाच द्यायला निघाली होती, आणि आपण पावती अडवून धरलीय, मग दोघांत फरक काय राहिला? आणि शिंकवाल्या आजोबाचं काय? त्याने तर काहीच मागितलं नव्हतं, तो असाच मिळाला होता, रस्त्यात, रागात असताना, न बोलावता. तो कुठल्या करारात बसत नव्हता. "ए," मास्तर म्हणाले, "पावाशी लग्न करणारेस का?" तो मान खाली घालून, ओठ न हलवता, भराभरा कोंबडीपासून शिंकेपर्यंत सगळं सांगून मोकळा झाला. ठोका नाही, काही नाही. कोणीच ऐकलं नाही. म्हणजे ज्याने ऐकायचं त्यानेच फक्त ऐकलं. मग त्याने पाव खाल्ला, आणि तो इतका चांगला लागला की त्याला थोडी लाज वाटली.

आत्या आणि बाबा दुकानात आले तेव्हा तो स्प्रिंग बांधत होता, म्हणून त्याला उठता आलं नाही, सोडली असती तर डोळ्यात गेली असती. दवाखाना पलीकडच्याच गल्लीत होता, तिथे जायच्या आधी ते इकडे वळले होते. आत्याच्या हातात डबा. "अंडं आहे," ती म्हणाली, जणू काही झालंच नव्हतं, "उपाशी गेलास." बाबा बसायला जागा शोधत होते आणि त्यांना दुकानातला सगळ्यात वाईट सोफा सापडला. "अहो, तिथे नको, त्याला आत काही नाही!" मास्तर ओरडले, पण बाबा तोवर आत गेले होते, कमरेपर्यंत, गुडघे कानाशी. सगळे एकदम धावले. एक हात मास्तरांनी धरला, एक त्याने, स्प्रिंगची दोरी खिळ्याला अडकवून, आणि आत्या नुसतीच डबा धरून "अगं बाई, अगं बाई" करत गोल फिरली. ओढून काढलेले बाबा जवळच्या स्टुलावर बसले आणि आत्या त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसली, स्पंजाच्या तुकड्यांत. "तू म्हणतोस ते खरं आहे रे," ती एकदम म्हणाली. "मी म्हणते खरी, सगळ्याचे आभार माना, पण ते भीतीपोटी. मी घाबरले ना, की जास्त जास्त आभार मानते. वाटतं, देव खूश राहील." मग भावाकडे बोट दाखवून म्हणाली, "यानं तर मला केव्हाच सांगितलंय. सकाळी ते टक, टक मलाच होतं. तू थांबतोस कुठे बघायला!"

तो परत आपल्या जागी जाऊन बसला. स्प्रिंगच्या दोरीला गाठ मारत राहिला.

"तुझी आई गेली ना," आत्या सांगायला लागली, आणि बाबांनी लगेच तिच्या डोक्यावर बोटाने दोनदा टकटक केलं, पण ती थांबली नाही, "तू एवढासा होतास. त्या रात्री मी ताट वाढलं आणि म्हटलं, चल, आभार मान. हा म्हणाला, ताई, आज माझ्याकडे काही नाही, त्याला तसं सांगतो. आणि सांगितलं. हात जोडले आणि म्हणाला, प्रभू, आज काही नाही. आमेन. मला वाटलं वीज पडेल आता घरावर. कितीतरी दिवस तेच. आज काही नाही, आमेन. पण बसायचा मात्र रोज, हात जोडायचा रोज. आणि मग एका रात्री तुला लागली उचकी. थांबेचना. पाणी दिलं, उलटं धरलं, पाठ थोपटली, काही नाही. आम्ही दोघंही रडकुंडीला. आणि तू उचकी देता देता एकदम थांबलास, इकडेतिकडे बघितलंस, की ती गेली कुठे? अगदी असं, चोर शोधल्यासारखं. हा फसकन हसला. तुझी आई गेल्यानंतर पहिल्यांदा. आणि ताटावर बसून म्हणाला, प्रभू, याची उचकी थांबली आणि याने जे तोंड केलं, त्याबद्दल तुझे आभार. तिथून हे नवं नवं काढायचं वेड लागलं याला." तिने डबा पुढे सरकवला. "तुझ्या उचकीपासून."

बाबा लाल झाले होते. ते छताकडे बघत होते, मास्तरांच्या कात्र्यांकडे बघत होते, सगळीकडे बघत होते, फक्त त्याच्याकडे नाही. आणि त्याला आतून काहीतरी उलटंपालटं झाल्यासारखं वाटत होतं, सोफा फाडल्यावर होतं तसं, आतलं सगळं एकदम उजेडात. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की ही पद्धत आधीपासून होती आणि आपण नंतर तिच्यात येऊन अडकलो, शाळेत अडकलो तसे. आता कळत होतं की ती सुरू झाली तेव्हा आपण तिथेच होतो, मांडीवर, तोंड वासून. त्याने मनात ते तोंड करून बघितलं. कदाचित खरंच केलं असावं, कारण मास्तर म्हणाले, "हे काय, डास गेला का तोंडात?"

"मास्तर, एक मिनिट गप्प बसा," तो म्हणाला. मास्तर गप्प बसले, हे आश्चर्यच. त्याने दोरी परत खिळ्याला अडकवली, हात पँटला पुसले, ते तरीही धुळकटच राहिले, आणि तसेच जोडले. भर दुपारी, उघड्या दुकानात, रस्त्यावरून माणसं जात असताना. कान लाल झाले. "प्रभू," तो म्हणाला, आणि आवाज चिरका निघाला, त्याने खाकरून परत सुरू केलं. "प्रभू, गाठीबद्दल मी नाही म्हणणार. ते तुला माहितीये. पण आत्या घाबरलेली असून अंडं घेऊन आली. आणि बाबा आत्ता सोफ्यात गेले ना, तेव्हा त्यांनी मदतीला हात वर केला, तो न बघताच माझ्याकडे केला, मास्तर जवळ होते तरी. आवाज येईल का नाही, ते तू बघ. सकाळी मी जे तुला बोललो ते जाऊ दे, तसलं काही नाही. आवाज नाही आला तरी रात्री मी म्हणणार आहे. काय म्हणणार ते अजून माहीत नाही. आमेन."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी मारत गेलं. आत्याने पदराने नाक पुसलं, तर पदराला चिकटलेला स्पंज नाकाला लागला आणि तिला शिंका सुरू झाल्या, एकामागून एक, मोकळ्या, खणखणीत. बाबांनी तोंड उघडलं. काहीतरी म्हणणार होते, विसरून, सवयीने. त्याने झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "थांबा ना बाबा! अजून नाही! डॉक्टरांसमोर!" तळहाताला बाबांचा गरम श्वास लागला, मिशा टोचल्या, आणि ते आतल्या आत हसतायत हे त्याला बोटांतून कळलं.

"मास्तर, ती स्प्रिंग तेवढी धरा," तो म्हणाला, "सोडू नका, डोळ्यात जाईल. मला आत्ता निघायला हवं."